वावरात सोडायला गांडुळं विकत घ्यावीत का? (आणि ड्रममधली पळून जायलीत त्याचं काय)

अर्धा_एकर (लातूर)

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतं वाचायचं काम केलं, आज विचारल्याशिवाय भागंना म्हणून धागा काढायलो. लातुरात राहतो, औशाच्या रस्त्याला अर्धा एकर आहे, काळी जमीन, विहिरीला पाणी कसंबसं मार्चपर्यंत. वांगी, मिरची, मेथी-कोथिंबीर असं घरापुरतं करतो. घरातला ओला कचरा घंटागाडीत टाकायचं जिवावर येतं म्हणून दिवाळीनंतर मागच्या अंगणात २०० लिटरचा निळा ड्रम ठेवला, खाली शेण, वर भाजीचा कचरा आणि कल्चर (खत करायची जिवंत गांडुळं) आणून सोडलं. थंडीत मस्त चाललं. होळी झाली आणि तमाशा सुरू. सकाळी झाकण काढलं की निम्मी गांडुळं झाकणाला चिटकलेली, काही बाहेर फरशीवर वाळून पडलेली, आणि आंबूस वास यायलाय. घरात नोटीस मिळाली आहे की ड्रम राहील नाहीतर मी.

दुसरं, ज्याच्याकडून कल्चर आणलं तो म्हणतो वावरात पण सोडा, एकराला इतके किलो, दोन वर्षात रासायनिक खत बंद. भाव काही कमी नाही त्याचा. सोडावं का? कुणी काळ्या जमिनीत सोडून बघितलंय का? आणि मेहरबानी करून ‘धरणीमाता सगळं बघून घेती’ असली उत्तरं नकोत, काय करायचं ते सांगा.

गच्चीतली_बाग (छ. संभाजीनगर)

दादा, आधी ड्रमाचं बघू, वावराचं जाणकार सांगतील.

मला सांगा ड्रमाला खाली भोकं आहेत का? आणि भाजीच्या कचऱ्यासोबत कोरडं काय टाकता? माझा अंदाज आहे की दोन्हीचं उत्तर ‘नाही’ येणार. गांडुळाला फुफ्फुस नसतं, ते ओल्या कातडीतून श्वास घेतं. कातडी वाळली तरी मेलं आणि खाली पाण्याचं डबकं होऊन हवा संपली तरी मेलं. म्हणून वर पळतं. आंबूस वास म्हणजे खाली हवा नाही, कचरा कुजत नाही, सडतोय. त्यात निळा प्लास्टिकचा ड्रम, लातूरचं ऊन, आणि ताज्या कचऱ्याचा थर जाड झाला की तो आतून स्वतःच तापतो, त्यात गांडूळ काय करणार बिचारं.

आजच करा: ड्रम आडवा पाडून सगळं प्लास्टिकवर पसरा, सावलीत. काळं चिकट झालेलं बाजूला काढा. ड्रमाच्या बुडाला आणि बाजूला भोकं पाडा, खाली दोन विटा ठेवा म्हणजे पाणी निघून जाईल. मग परत भरताना एक भाग ओला कचरा, दोन भाग कोरडं (मापानं, वजनानं नाही). कोरडं म्हणजे वाळलेला पाला, कडब्याची कुट्टी, सोयाबीनची गुळी, अगदी काही नाही तर फाडलेले पुठ्ठ्याचे खोके, चकचकीत छपाईचे नकोत. ओल्या कचऱ्यात नत्र (नायट्रोजन) जास्त, कोरड्यात कर्ब (कार्बन) जास्त, आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण ३० भाग कर्बाला एक भाग नत्र असं मिश्रण मानवतं. नुसता भाजीपाला टाकला की नत्र जास्त होतं, मग ते अमोनिया होऊन उडतं, नाकाला झोंबतं ते तेच.

ओल किती हवी हे मोजायला मशीन नको. मूठभर घ्या, जोरात दाबा. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर. धार लागली तर कोरडं घाला, मूठ उघडल्यावर भुगा पडला तर पाणी शिंपडा. मी रोज संध्याकाळी हेच करते, हाताला सवय झाली की बघायची पण गरज पडत नाही.

मी स्वतः प्लास्टिक सोडून मातीच्या माठांवर आले. गळके माठ, रांजण, कुंभाराकडं चीर गेलेले स्वस्तात मिळतात. आतली ओल भिंतीतून बाहेर झिरपून उडते म्हणून आत थंड राहतं. आमच्याकडं २०१८ साली नारेगावच्या (शहराचा कचरा डेपो तिथं होता) लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि गल्लीगल्लीत ढीग लागले ना, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या कितीतरी जणींनी हे सुरू केलं. ढीग उचलले तसं बऱ्याच जणींनी बंद पण केलं तो भाग वेगळा.

काळी_माती (परभणी)

ताईंनी ड्रमाचं सांगितलंच. मी वावराचं सांगतो, जरा लांबेल पण हेच मुख्य आहे.

गांडुळं सगळी एक नसतात. तुम्ही कल्चर म्हणून आणलं ते बहुतेक आयसेनिया फेटिडा, तांबूस, अंगावर पिवळसर पट्टे, नाहीतर युड्रिलस युजेनी, म्हणजे आफ्रिकन, जरा जाड आणि जांभळट. ही दोन्ही वरच्या थरात राहणारी, कचरा आणि शेण खाणारी. माती खाऊन जगणं हा त्यांचा धंदाच नाही. आयसेनियाला १५ ते २५ अंश मानवतं, ३५ च्या वर गेलं की तिचं काही खरं नाही. युड्रिलस जरा उष्णता सोसतं, २५-३० ला खूष असतं, पण आपलं एप्रिल-मे मधलं वावर म्हणजे ४२-४३ ची हवा आणि उघड्या काळ्या मातीचा वरचा थर त्याच्याहून गरम. ना पालापाचोळा, ना ओल, ना सावली. अशात सोडलेलं गांडूळ आठवडाभर टिकलं तर नशीब. पक्ष्यांची आणि मुंग्यांची सोय होईल.

आता तुमच्या वावरात गांडुळं नाहीत असं कुणी सांगितलं? आहेत, खाली आहेत. आपली देशी जमिनीतली गांडुळं मातीत बिळं करून राहतात, वरून पाला ओढून खाली नेतात, माती खातात, विष्ठा वर आणून टाकतात. उन्हाळ्यात जमीन भेगाळली की ती खोल उतरतात, छोट्या पोकळीत अंगाची गाठ मारून पडून राहतात, खाणं बंद, हालचाल बंद. मिरग बरसला, ओल खाली पोचली की परत वर. जुलै-ऑगस्टमध्ये बांधाला सकाळी बघा, बारीक गोळ्यांचे ढिगारे दिसतील, ती त्यांची विष्ठा. बांधावर दिसतात आणि वावरात नाही, हे का, ह्याचा विचार करा. बांधाला नांगर लागत नाही, गवत झाकण घालून असतं आणि तिथं कुणी दाणेदार औषध फेकत नाही.

म्हणून विकत आणून सोडू नका. पैसे त्यापेक्षा जमिनीला खायला घालण्यात घाला, राहणारे आपोआप वाढतात.

मांजराकाठ (केज)

+१. आमच्या भावकीतल्या एकानं सोडली होती ट्रॅक्टरभर खतासोबत. मे महिन्यात खणून बघितलं तर औषधाला एक नाही.

रोकडा_हिशोब (बीड)

सगळं छान आहे हो पण कुणी हिशोब मांडंना. मांडतो.

गांडूळ खतात नत्र दीड-दोन टक्के धरा, चांगलं असलं तर. म्हणजे एक टन खतात १५ ते २० किलो नत्र. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के, म्हणजे २० किलो नत्र, पावणेतीनशेच्या आत. टनभर गांडूळ खत विकत घ्यायला किती लागतात ते तुम्हीच सांगा. वर वाहतूक, वर पसरायची मजुरी.

आणि ते ‘बेड घ्या, आम्हीच खत परत विकत घेऊ’ वाले. आमच्या गावात एक कंपनी येऊन मीटिंग घेऊन गेली, चहा-पोहे, बॅनर, सगळं. लोकांनी गांडूळ खत करायचे १२ बाय ४ फुटांचे बेड आणि कल्चर दामदुपटीनं घेतलं. खत तयार झालं तेव्हा फोन लागंना. गोण्या अजून पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. म्हणून मला गांडुळाचं नाव काढलं की आधी खिसा चाचपावा वाटतो.

काळी_माती (परभणी)

हिशोब बरोबर आहे, त्यात काही खोट नाही. नत्राचा भाव करून गांडूळ खत विकत घेणारा तोट्यातच जाणार. मी पण विकत घ्या म्हणत नाही.

पण गांडुळाचं काम नत्र आणायचं नाहीच मुळात. त्याच्या पोटात नत्राचा कारखाना नाही. पालापाचोळ्यात, मुळांत, शेणात जे अडकून पडलेलं असतं ते तो सोडवून पिकाला घेता येईल असं करतो. २०१४ साली जगभरातल्या प्रयोगांचा एकत्र हिशोब छापून आला होता, त्यात गांडुळं असलेल्या मातीत पिकाचं उत्पन्न सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघालं. पण त्यातच पुढं आहे की हा फायदा जमिनीत पिकाचे अवशेष परत टाकले तिथं दिसतो, आणि नत्र भरपूर ओतलं की जवळपास दिसेनासा होतो. म्हणजे ज्याच्या वावरात कुजायला काही नाही त्याला गांडूळ काय देणार? सोयाबीन काढलं, गुळी विकली, तुराट्या (तुरीच्या काड्या) जाळल्या, पऱ्हाट्या (कापसाच्या काड्या) जाळल्या, आणि मग गांडूळ विकत आणायला निघाले. त्यांना खायला काय ठेवलं?

दुसरा फायदा पाण्याचा. आपली काळी माती वाळली की भेगा पडतात, पहिला पाऊस भेगांतून सरळ आत जातो, ते बरंय. पण नंतर माती फुगते, भेगा मिटतात, वरून चिखलाचा थर बसतो, आणि दुसरा-तिसरा मोठा पाऊस डबकं करून राहतो नाहीतर वाहून जातो. अशा वेळी बिळं आणि विष्ठेची रवाळ माती असली तर पाणी आणि हवा दोन्हीला वाट राहते. ह्याचा भाव गोणीवर लावता येत नाही. ज्या जिल्ह्याला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथल्या माणसाला हे मी काय सांगू.

रोकडा_हिशोब (बीड)

पटलं बऱ्यापैकी. तुराट्या मात्र कुजायला वर्ष लागतं, दुसऱ्या पेरणीला पाभर अडकते. ते शेडनेटवाले व्हिडिओत सांगतात तेवढं सोपं नाही.

उकिरडा_मास्तर (भोकरदन)

तुराट्याचं गणित सोडवून ठेवलेलं आहे, आणि ते आपल्या शेजारीच. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, लोक नाडेप काका म्हणायचे, त्यांची पद्धत. विटांचा हौद, १० बाय ६ बाय ३ फूट, भिंतीत मुद्दाम झरोके ठेवलेले हवा खेळायला. त्यात काडीकचरा, वर शेणाचं पाणी, वर माती, परत काडीकचरा. शिगोशिग भरून वरून मातीशेणानं लिंपायचं. वैशिष्ट्य म्हणजे १०० किलोच्या आतबाहेर शेणात सगळा हौद होतो. आज गोठ्यात दहा जनावरं कुणाकडं राहिलीत? ट्रॅक्टर आला तसं शेण गेलं. तुराट्या, पऱ्हाट्या आधी कुट्टी करून, नाहीतर निदान ट्रॅक्टरखाली चिरडून टाका, अख्ख्या टाकल्या तर नाडेप काय कुणाच्यानं कुजणार नाहीत. तीन-चार महिन्यात खत निघतं, फक्त ओल मोडू द्यायची नाही आणि लिंपणाला भेग पडली की बुजवायची.

आमच्या वडलांच्या काळात उकिरडा असायचा प्रत्येकाचा. त्याच्यात गांडुळं कुणी सोडली नव्हती. आषाढात कडेनं खोरं मारलं की गुंतवळच्या गुंतवळ निघायची. पण उकिरड्याचं एक होतं, उन्हात उघडा पडून निम्मा जोर उडून जायचा आणि पावसात उरलेला वाहून. खड्ड्यात आणि सावलीत केला असता तर तेच शेणखत दुप्पट कामाला आलं असतं.

जाता जाता, शाळेत पोरांना मी सांगायचो, डार्विननं मरायच्या आदल्या वर्षी, १८८१ ला, गांडुळांवर अख्खं पुस्तक काढलं. घरात कुंड्यांत पाळली होती. मुलाला वाद्य वाजवायला लावलं त्यांच्यासमोर, गांडुळं ढिम्म. तीच कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवला तर झटक्यात बिळात. ऐकू येत नाही पण हादरा कळतो. नांगराचा हादरा काय वाटत असंल विचार करा.

अंबाजोगाईची_सून (अंबाजोगाई)

मधेच घुसते, माझा पण ह्याच विषयातला प्रश्न आहे. माझ्या डब्यात गांडुळं सोडलीच नाहीत, नुसता कचरा आणि नारळाची शेंडी टाकते. त्यात मातकट रंगाच्या, चपट्या, कडक कातडीच्या अळ्या झाल्यात, शेकड्यांनी, वळवळ वळवळ. रात्री कान लावला तर चक्क खाताना आवाज येतो कुरकुर. सासूबाई म्हणतात हुमणी आहे, सगळं फेकून दे. फेकू का? आणि चिलटं पण लई झालीत.

गच्चीतली_बाग (छ. संभाजीनगर)

फेकू नका! हुमणी नाही ती. हुमणी जाड, पांढरी, नेहमी वाकून पडलेली, तांबडं-तपकिरी डोकं आणि पुढं तीन जोड्या पाय. ती जुन्या शेणखतात सापडते. तुमची आहे ती काळी सैनिक माशी म्हणतात तिची अळी. चपटी, करडी, तोंडाकडं निमुळती, पाय नाहीत. गांडुळापेक्षा कितीतरी पटीनं भराभर खाते, शिळी भाजी पण संपवते. मोठी माशी ना चावते ना घरात जेवणावर बसते. पूर्ण वाढली की अळी काळपट होऊन स्वतःच डब्याबाहेर चालू लागते, कोष करायला, तेव्हा फरशीवर दिसल्या तर कुंडीत टाका नाहीतर कोंबड्या असतील तर त्यांची मजा.

अडचण एकच, गांडुळांच्या डब्यात ह्या वाढल्या तर आत गरमी करतात आणि खाणं पळवतात. तिथं नको असतील तर कचरा उघडा ठेवायचा नाही, वर बोटभर कोरडा पाला नाहीतर जुनं खत पसरायचं. चिलटं त्यानंच जातील. फळांची सालं उघडी दिसली की चिलटं आलीच, केळीच्या सालीवर तर हमखास. बारीक चिरून आत दाबा.

अंबाजोगाईची_सून (अंबाजोगाई)

हुश्श. सासूबाईंना फोटो काढून पाय नाहीत ते दाखवलं. म्हणाल्या ‘असू दे, पण ओट्याखाली नको’. तेवढ्यावर मिटलं.

जिंतूरकर (जिंतूर)

अर्धा एकरवाले भाऊ, ड्रममध्ये चुलीची राख आणि थोडा चुना टाका, आंबूसपणा जातो. मी व्हिडिओत बघितलंय. अंड्याची टरफलं पण.

काळी_माती (परभणी)

भाऊ ह्याला थांबा जरा. हे सल्ले बहुतेक आम्लधर्मी मातीवाल्यांचे असतात, कोकणात, केरळात, विलायतेत. तिथं जमीन आंबट असते म्हणून चुना लागतो. आपली काळी माती मुळातच विम्लधर्मी, सामू (pH) ८ च्या आसपास, चुनखडी आधीच भरपूर. सोयाबीन पिवळं पडतं बघा चुनखडीच्या जमिनीत, पानाच्या शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं, ती लोहाची कमतरता. लोह जमिनीत असतं पण सामू जास्त म्हणून पिकाला घेता येत नाही. त्यात राख आणि चुना म्हणजे दुखण्यावर डाग दिल्यासारखं. ड्रममध्ये पण चुना टाकला की नत्र अमोनिया होऊन उडणार आणि गांडुळाच्या कातडीला तो चटका. आंबूस वासाचा इलाज ताईंनी सांगितला तोच, हवा आणि कोरडा पाला. टरफलांचा चूर चिमूटभर चालतो, गांडुळाला दात नसतात, पोटात पिसायला कच लागते. मातीची एक मूठ टाकली तरी तेच काम होतं.

जिंतूरकर (जिंतूर)

आरं तिच्या. बरं झालं विचारलं. राख मग भांडीच घासायला.

अर्धा_एकर (लातूर)

सगळ्यांचे आभार. ड्रम रिकामा केला. ताई म्हणाल्या तसंच निघालं, बुडाला वीतभर काळं पाणी, त्यात गांडुळं पांढरी पडून मेलेली. मधल्या थरात मात्र बरीच जिवंत सापडली. आणि मोहरीपेक्षा जराशा मोठ्या, पिवळट-तपकिरी, दोन्हीकडं टोक असलेल्या दाण्यांचे पुंजके दिसले. आधी वाटलं टोमॅटोचं बी. ती अंडी का?

भोकं पाडली, ड्रम लिंबाखाली नेला. आता पुढचे दोन महिने कसे काढायचे ते सांगा. पाणी बोअरचं आहे, भांड्यावर पांढरा थर बसतो असलं. आणि मुंग्या.

गच्चीतली_बाग (छ. संभाजीनगर)

हो, तेच कोष, प्रत्येकात दोन-चार पिल्लं असतात. जपून ठेवा. ही गांडुळं मेली तरी कोषातून परत सुरुवात होते, म्हणून खत चाळताना जाळीवर राहिलेलं सगळं परत ड्रममध्येच टाकायचं.

उन्हाळ्यात लिंबाची सावली उत्तम, पण दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन खोडाखालून येतं, त्या बाजूला जुनी साडी नाहीतर शेडनेट बांधा. ड्रमाभोवती बारदाना गुंडाळा आणि सकाळ-संध्याकाळ तो भिजवा. आतल्या मालावर पण ओलं पोतं, झाकण उघडं. मे महिन्यात खाणं कमी करा, गरमीत ती कमी खातात, उरलेलं तापतं. पातळ थर, जुना संपला तरच नवा. विकणारे सांगतात गांडूळ रोज स्वतःच्या वजनाएवढं खातं, मी निम्मंच धरते आणि उन्हाळ्यात त्याच्याही निम्मं.

कलिंगड-खरबुजाची सालं उन्हाळ्यात ढीगभर निघतात, नुसती टाकली तर परत डबकं होईल, एक दिवस उन्हात सुकवून टाका. तेलकट भाजी, वरण, दही, मटण नको. कांदा-लसूण-लिंबू थोडं चालतं. ज्वारीची शिळी भाकरी चुरून शेणपाण्यात भिजवून दिली तर तुटून पडतात त्यावर.

बोअरच्या पाण्यानं क्षार साठत जातात, पाणी उडतं आणि मीठ मागं राहतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी वापरा शिंपडायला. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी मात्र टाकू नका, त्यात क्षार अजून जास्त. खालून गळणारं पाणी भांड्यात धरा आणि दहापट पाण्यात मिसळून झाडांना द्या, थेट नको.

मुंग्यांसाठी ड्रमाच्या विटा पाण्याच्या परातीत ठेवा. आणि मुंग्या झाल्या याचा अर्थ बहुतेक वेळा आत कोरडं पडलंय, ते आधी बघा. मुंग्या मारायची पावडर-खडू जवळपास पण नको.

मांजराकाठ (केज)

घुशीचं पण बघा. घूस लागली की एका रात्रीत साफ. बारीक जाळी लावा बुडाला.

अर्धा_एकर (लातूर)

घूस आहे आमच्याकडं, जाळी लावतो. वावराचं ठरलं, कल्चर घेत नाही. मग काय करू तिथं नेमकं? मागच्या मालकानं वांग्याला दाणेदार औषध टाकलेलं आहे, पिशव्या बांधाला सापडतात अजून. आणि घरासमोर रसवंती आहे, चिपाडं फुकट मिळतात, पाहिजे तेवढी.

काळी_माती (परभणी)

चिपाडं सोडू नका! पण मातीत कालवू नका लगेच. त्यात कर्बच कर्ब, मातीत गेली की जिवाणू ती कुजवायला जमिनीतलं नत्र ओढून घेतात आणि वांगी पिवळी पडतात. वरून आच्छादन म्हणून टाका, ओळींच्या मधे, चार बोटं जाड. खोडाला चिटकू देऊ नका. वर गोडवा असतो म्हणून मुंग्या येतात, आधी आठवडाभर ढीग करून पाणी मारा. जास्तीची असतील तर शेणपाण्यात भिजवून मास्तरांचा नाडेप भरा, वावराच्या कोपऱ्यात, विटा नसतील तर तुराट्यांचा कूड करा.

दाणेदार औषधांतलं कार्बोफ्युरान, फोरेट ही गांडुळाची शत्रू. फोरेट तर आता बंदच आहे. नवीन काही टाकू नका, जुनं उतरायला वेळ आणि सेंद्रिय पदार्थ हाच उपाय. नांगरट दरवर्षी खोल करायची सवय असेल तर तीही कमी करा, मिरचीच्या वाफ्याला कुदळ पुरते. बाहेरून गवत-काडी आणणार असाल तर त्यावर तणनाशक मारलंय का विचारून घ्या.

ड्रमातलं खत वावरभर पसरून दिसणार पण नाही. चहाच्या पत्तीसारखं रवाळ झालं की चाळा आणि रोप लावताना खड्ड्यात मूठ-मूठ घाला. उरलं तर कोथिंबिरीच्या वाफ्याला.

आणि आत्ता मोजू नका, काही दिसणार नाही. दोन-तीन चांगले पाऊस झाले की सकाळी फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल माती खणून पोत्यावर काढा आणि हातानं फोडून गांडुळं मोजा. एक जागा वावरात आणि एक बांधाला. आकडे इथं टाका, दरवर्षी त्याच सुमारास परत.

रोकडा_हिशोब (बीड)

मी पण मोजतो ह्या पावसाळ्यात. माझ्याकडं एका तुकड्यात तीन वर्षं नुसता युरिया आणि एकात शेणखत आहे, दोन्हीचे टाकतो. शून्य आलं तरी टाकतो.

उकिरडा_मास्तर (भोकरदन)

मोजायला नातवंडांना न्या, त्यांना चिखल लागतोच. आणि रसवंतीवाल्याला आत्ताच सांगून ठेवा, अक्षय्य तृतीयेनंतर गोठेवाले सगळी चिपाडं उचलून नेतात.